आमच्या नऊ शाखा आहेत: पुतणीचं मेडिकल, माझं एक्सेल आणि टेरा होट

पुण्यात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात एक पाटी कायमची ठोकलेली असते, "आमची कोठेही शाखा नाही". शाखा काढली की माल बिघडला, हे आपल्याला बाकरवडीबरोबरच शिकवलं जातं. त्यामुळे २०२२ च्या सुरुवातीला दादाचा कोलंबसहून फोन आला, की पोरीला इंडियाना युनिव्हर्सिटीच्या मेडिकल स्कूलला ॲडमिशन मिळतेय आणि आता कॅम्पसची पसंती क्रमाने भरायचीय, तेव्हा त्याचं पुढचंच वाक्य होतं, "मेन म्हणजे मेन, यात विचार काय करायचा?"

मी पण हो म्हणालो होतो, आधीच सांगून टाकतो.

हे सगळं पुतणीला विचारून लिहितोय, नाव टाकायचं नाही या अटीवर. गेल्या वर्षभरात ओळखीच्या तीन घरांतून मला हाच प्रश्न आलाय आणि दर वेळी फोनवर तासभर तेच बोलायचं म्हणजे घसा बसतो, म्हणून एकदाच सविस्तर. आणि हे एकाच पोरीचं प्रकरण आहे, सगळ्यांना लागू पडेल असा माझा दावा नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. कोलंबस म्हणजे ओहायोचं नाही, इंडियानाचं, इंडियानापोलिसच्या दक्षिणेला पाऊण तासावर. इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सचं हेडक्वार्टर तिथे आहे, त्यामुळे कोथरूडच्या कमिन्समधून कोलंबसला आलेली मराठी घरं तिथे बरीच. दादा त्यातलाच. मी इंडियानापोलिसजवळ कार्मेलला राहतो, आयटीत आहे, डॉक्टर-बिक्टर नाही. पुतणी इथेच वाढली, ब्लूमिंग्टनला चार वर्षं बॅचलर्स केलं. इंडियानाची रहिवासी असल्यामुळे स्वतःच्या राज्यातलं सरकारी मेडिकल स्कूल हाच तिचा मुख्य नंबर होता, फी परराज्यातल्यांपेक्षा बरीच कमी पडते.

आता हे स्कूल जरा वेगळं प्रकरण आहे. १९०३ चं, आणि विद्यार्थीसंख्येने अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या मेडिकल स्कूलांपैकी, वर्षाला साडेतीनशेच्या वर पोरं घेतात. पण ती सगळी एका गावात बसत नाहीत. इंडियानापोलिस हा मोठा कॅम्पस आणि बाकी आठ राज्यभर विखुरलेले: ब्लूमिंग्टन, एव्हन्सव्हिल, फोर्ट वेन, गॅरी, मन्सी, साउथ बेंड, टेरा होट, वेस्ट लफायेट. एव्हन्सव्हिल आणि गॅरी तर वेगळ्या टाइम झोनमध्ये, घड्याळ तासभर मागे. हे असं का, तर साठच्या दशकाच्या शेवटी राज्यात ओरड चालू होती की डॉक्टर घडतात इंडियानापोलिसला आणि छोट्या गावांत कुणी राहत नाही, दुसरं मेडिकल कॉलेज काढा. दुसरं कॉलेज काढण्याऐवजी १९७१ मध्ये विधिमंडळाने याच कॉलेजची केंद्रं राज्यभर पसरवली. सुरुवातीला तिकडे फक्त सुरुवातीचं शिक्षण व्हायचं, हॉस्पिटलमधल्या वर्षांसाठी सगळ्यांना इंडियानापोलिसला यावं लागायचं. पूर्ण चार वर्षं रीजनल कॅम्पसवरच करता येणं ही गेल्या दीडेक दशकातली गोष्ट आहे, आणि २०१६ पासून नऊही ठिकाणी अभ्यासक्रम एकच. डिग्री एकच, त्यावर गावाचं नाव नाही.

हे मी दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग भारतात पण आहे की असं, एम्स दिल्ली आणि एम्स नागपूर." नाही ना रे! ते दोन वेगवेगळे इन्स्टिट्यूट आहेत, नाव सारखं असलं तरी. आपल्याकडचं त्यातल्या त्यात जवळचं उदाहरण म्हणजे पुद्दुचेरीचं जिपमर आणि २०१६ ला सुरू झालेला त्यांचा कराईकलचा कॅम्पस. आणि तिथेसुद्धा रँक ठरवते कुठे जायचं ते, ज्याची रँक वर तो पुद्दुचेरी उचलतो आणि खालचा कराईकलला जातो, त्यामुळे "कराईकल म्हणजे उरलेलं" असं लोक बोलून मोकळे होतात. इथे तसं मार्कांनी वाटप नाही. तुम्ही पसंती द्यायची, जागा बघून ते कॅम्पस देतात, आणि पहिली पसंती मिळेलच असं नाही. काही जण मुद्दाम रीजनल पहिलं टाकतात. हे आमच्या कॅप राऊंडवाल्या डोक्यात शिरायला दोन आठवडे गेले. वहिनीच्या एका मैत्रिणीला तर वाटत होतं रीजनल म्हणजे एमडी नाही, डीओची म्हणजे ऑस्टिओपॅथीची वेगळी डिग्री मिळते. डीओचं कॉलेज राज्यात वेगळं आहे, २०१३ पासून, मेरियन युनिव्हर्सिटीचं, आणि ते स्वतःच इंडियानापोलिसला आहे.

तर मी एक्सेल केलं. आयटीवाला दुसरं काय करणार! नऊ ओळी आणि कॉलम: घरापासून मैल, भाडं, वर्गात किती जण, हॉस्पिटलं किती, रिसर्च, जवळ एअरपोर्ट. इंडियानापोलिसला भाडं सोडून सगळीकडे हिरवा रंग. दादा खूश. त्याच्याकडे अजून दोन मुद्दे होते, एक म्हणजे लॉरेन्स आइनहॉर्न, ज्यांनी १९७४ ला सिस्प्लॅटिन वापरून वृषणाच्या कॅन्सरचं चित्रच पालटवलं ते इथलेच, आणि लान्स आर्मस्ट्राँगवर १९९६ मध्ये उपचार झाले ते पण इथेच (दादा सायकलवाला आहे, पुढच्या डोपिंगच्या भानगडी कळल्यावरसुद्धा त्याच्या गॅरेजमधलं पोस्टर उतरलेलं नाही). दुसरा मुद्दा म्हणजे नवीन अकरा मजली इमारत, तिची तेव्हा जोरात चर्चा होती. ती सुरू झाली २०२५ ला. म्हणजे पुतणी ऑगस्ट २०२२ ला सुरू करणार, वर्गात बसायची पहिली दीड-दोन वर्षं जुन्याच इमारतीत जाणार, आणि नवीन उघडेपर्यंत ही हॉस्पिटलमध्ये. हे साधं गणित आम्हा दोन इंजिनियरांना सुचलं नाही, तिने सांगितलं.

वहिनीचं मत ब्लूमिंग्टन. कारण चाळीस मैल, डबा पोचवता येतो. पुतणी म्हणाली, "आई, चार वर्षं काढली तिथे, अजून चार काढली तर मला तिथली पाटी समजून लोक पत्ता विचारतील."

कोथरूडहून आजीचं मत आलं की जिथे पोरगी जेवेल तिथे घाला.

मग आम्ही दोन ठिकाणी जाऊन आलो, आणि माझ्या मते या अख्ख्या प्रकरणातली कामाची गोष्ट तेवढीच.

इंडियानापोलिसला ओळखीतल्या एकाची मुलगी तिसऱ्या वर्षाला होती, तिच्याबरोबर कॅफेटेरियात बसलो. मेथडिस्ट, युनिव्हर्सिटी हॉस्पिटल, लहान मुलांचं रायली, काउंटीचं एस्केनाझी, माजी सैनिकांचं व्हीए, एवढी हॉस्पिटलं एका शहरात. तिने जे बघितलंय ते ऐकूनच पुतणीचे डोळे मोठे झाले, ट्रान्सप्लांट काय, जगात मोजक्या लोकांना होणारे आजार काय. मग पुतणीने विचारलं, "तू स्वतः काय केलंस?" ती हसली. म्हणाली राउंडला पुढे अटेंडिंग म्हणजे मुख्य डॉक्टर, मग फेलो म्हणजे सुपरस्पेशालिटी शिकणारा, मग सीनियर रेसिडेंट, मग ज्युनियर, मग चौथ्या वर्षाचा स्टुडंट, आणि मग मी. सगळ्या सर्व्हिसला असं नसतं, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितलं, एस्केनाझीला बरंच करायला मिळतं म्हणे. पण माझ्या डोळ्यांपुढे आपलं मंडळाच्या आरतीला मागे उभं राहणं आलं, टाळ्या वाजवायच्या, प्रसाद मिळतो, गणपती काही दिसत नाही.

दुसऱ्या शनिवारी टेरा होट. उच्चार टेरा होटच आहे, वहिनी अजून "तेरे हाऊट" म्हणते आणि स्पेलिंग बघता चूक तिची नाही. स्टेट रोड ४६ कोलंबसमधून निघतो तो ब्लूमिंग्टनवरून थेट तिथपर्यंत जातो, दोन तास, अर्धा रस्ता झाडीतून. गाव वाबाश नदीकाठी, एकेकाळी कोळसा आणि रेल्वेचं, आता थोडं उतरलेलं. मेडिकलचा कॅम्पस इंडियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवारात, लॅरी बर्ड जिथे बास्केटबॉल खेळला ते कॉलेज. बिल्डिंग छोटी, शनिवारी सामसूम. दादाने गाडीतून उतरतानाच माझ्याकडे बघितलं, शब्द नाही काढला, पण मला ऐकू आलं, शाखा.

तिथे तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाने आम्हाला फिरवलं. वर्गात तीसेक जण. तो म्हणाला, सर्जरीच्या रोटेशनला, म्हणजे त्या विभागातल्या पाळीला, माझ्या सर्जनकडे दुसरं कुणीच नव्हतं. रेसिडेंट नाही, फेलो नाही, टेबलाच्या एका बाजूला ते आणि दुसऱ्या बाजूला मी, पहिले दोन आठवडे हात थरथरायचे, सहाव्या आठवड्यात पोटाचे टाके तेच म्हणाले तू घाल आणि स्वतः बाजूला उभे राहिले. कारण साधं आहे. रेसिडेन्सी म्हणजे आपल्याकडची पीजीची ट्रेनिंग, ती छोट्या गावात कमी असते. टेरा होटच्या युनियन हॉस्पिटलला फॅमिली मेडिसिनची आहे, पण सर्जरीच्या टेबलाशी रेसिडेंटची रांगच नाही, मग जे रेसिडेंटच्या वाट्याला जायचं ते स्टुडंटच्या वाट्याला येतं. त्याच कारणाने ज्या गोष्टी रेसिडेंट रात्री दोन वाजता ज्युनियरला शिकवतो त्या शिकवायला तिथे कुणी नाही, ही दुसरी बाजू, आणि त्या मुलाने ती लपवली नाही. लेक्चरबिक्चर सगळीकडे सारखं, परीक्षा सारखी, रोटेशनच्या शेवटी राष्ट्रीय बोर्डाची शेल्फ परीक्षा असते तीही तीच. मान्यता देणाऱ्या एलसीएमईचा नियमच आहे की एका स्कूलच्या सगळ्या ठिकाणी शिक्षण आणि मूल्यमापन तुल्य असलं पाहिजे, नाहीतर अख्ख्या स्कूलच्या मान्यतेवर येतं.

परतीच्या वाटेवर स्पेन्सरच्या आसपास पुतणी मागच्या सीटवरून म्हणाली, "काका, तुमच्या एक्सेलमध्ये तिसरं वर्ष कुठे आहे?"

नव्हतं. सगळे कॉलम पहिल्या दोन वर्षांचे होते, कारण कॉलेज म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे वर्ग, बेंच, लायब्ररी, होस्टेल. मेडिकलमधली ही पहिली वर्षं पोरं बऱ्याचदा घरी बसून व्हिडिओ बघून काढतात, आणि इथे त्या वर्षांना नुसतं पास-फेल आहे. त्यात २०२२ च्या जानेवारीपासून डॉक्टरकीच्या परवान्याची स्टेप वन ही मोठी परीक्षा पण पास-फेल झाली, आकडा गेला. म्हणजे पुढे रेसिडेन्सीसाठी वजन कशाला येणार, तर तिसऱ्या वर्षाच्या ग्रेड, स्टेप टू चा स्कोअर, रिसर्च आणि शिफारसपत्रं. यातली ग्रेड आणि पत्रं हॉस्पिटलमध्ये तुम्हाला जवळून बघणाऱ्या माणसाकडून येतात. पुतणी ही गर्दीत पुढे घुसणारी नाही. शाळेत हात वर करायची नाही, एकटीला विचारलं तर सगळं सांगायची. सहा जणांच्या रांगेत सहावी उभी राहिली असती तर शेवटपर्यंत सहावीच राहिली असती, हे मला आणि दादाला दोघांनाही माहीत होतं. फक्त ते एक्सेलमध्ये टाकायचा कॉलम आमच्याकडे नव्हता.

उलटपण सांगतो. माझ्या मुलासारखा कुणी असता, जो कुठल्याही खोलीत शिरून पाच मिनिटांत प्रोफेसरच्या शेजारची खुर्ची पकडतो, किंवा पहिल्या दिवसापासून न्यूरोसर्जरी नाहीतर स्किनच हवं म्हणणारा, किंवा लॅबमध्येच रमणारा, तर मी त्याला डोळे झाकून इंडियानापोलिस सांगितलं असतं. त्या विषयांची मोठी डिपार्टमेंटं, रेसिडेन्सी, रिसर्चची माणसं तिथे आहेत, आणि रोज समोर दिसणाऱ्याला काम मिळतं.

पुतणीने पहिली पसंती टेरा होट टाकली, दुसरी इंडियानापोलिस, तिसरी ब्लूमिंग्टन (आईसाठी). टेरा होटला ग्रामीण वैद्यकीय सेवेचा वेगळा प्रोग्रॅम आहे, तो तिने घेतला नाही, नुसता कॅम्पस. तो मिळाला. दादा आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होता, जणू पोरीला मीच फितवलं. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं तर "आययूला आहे मेडिकलला" एवढंच सांगायचा, गाव गाळून.

पहिलं वर्ष बरं गेलं पण गोड नाही गेलं. तीस जणांचा वर्ग म्हणजे चाळीत राहणं. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचं ब्रेकअप झालं, कोण ॲनाटॉमीला रडलं, सगळं सगळ्यांना माहीत, आणि एखाद्याशी पटलं नाही तर त्याच्याच शेजारी चार वर्षं. फेब्रुवारीत तिने मला फोन करून विचारलं होतं की कॅम्पस बदलता येतो का. तसं सहज होत नाही, ठोस कारण लागतं. मी जाऊन तिला घेऊन आलो, एक शनिवार-रविवार आमच्याकडे झोपली, साबुदाण्याची खिचडी खाल्ली, परत गेली. पुन्हा विषय काढला नाही. मोठ्या कॅम्पसला दीडशेच्या वर पोरांत ती हरवली असती का मित्र मिळाले असते, कुणास ठाऊक.

खरी परीक्षा झाली ती दुसऱ्या वर्षात. जी पोरगी "बहुतेक इंटर्नल मेडिसिन" म्हणत होती, तिला टेरा होटच्याच एका ईएनटी सर्जनबरोबर दोन दिवस घालवल्यावर कान-नाक-घसा हवंसं वाटायला लागलं. आता आली का पंचाईत! ईएनटीच्या जागा थोड्या, स्पर्धा जोरात, रिसर्च पाहिजे, मोठ्या डिपार्टमेंटमधल्या माणसांची पत्रं पाहिजेत. आणि डिपार्टमेंट पंच्याहत्तर मैलांवर इंडियानापोलिसला. दादाचा फोन आला, त्यात "मी म्हटलं होतं" हे शब्द नव्हते, पण स्वर पूर्ण तोच.

इथे एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. शाखा असली तरी स्कूल एकच, त्यामुळे इंडियानापोलिसचं ईएनटी डिपार्टमेंट हे तिचं पण स्वतःचंच डिपार्टमेंट. रेसिडेन्सीच्या भाषेत ज्याला होम प्रोग्रॅम म्हणतात तो तिलाही आहे, परक्यासारखं दार वाजवायची गरज नाही. स्वतंत्र छोट्या मेडिकल कॉलेजात असती आणि तिथे ईएनटीची रेसिडेन्सी नसती, तर तिला होम प्रोग्रॅमच नसता. पण दार उघडं असणं आणि कुणी आत बोलावणं यात फरक आहे. इंडियानापोलिसचा मुलगा लेक्चर संपल्यावर जिना चढून जाऊन भेटतो, हिला ईमेल लिहावे लागले. पहिल्या दोन ईमेलना उत्तर आलं नाही, तिसऱ्याला आलं. एक प्रोजेक्ट मिळाला, बराचसा कॉम्प्युटरवर चार्ट तपासायचा, तरी महिन्यातून दोन-तीनदा आय-७० वरून जाऊन-येऊन दीडशे मैल. थंडीत बर्फात मला जीव मुठीत धरून तिच्या मेसेजची वाट बघायला लागायची, शेवटी आमच्या बेसमेंटची किल्लीच देऊन टाकली.

पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात स्कूलचा रिसर्च प्रोग्रॅम असतो, सगळ्या कॅम्पसच्या मुलांना खुला. तो तिने केला नव्हता, भारतात आजीकडे गेली होती. आजीकडे गेली याचं वाईट नाही वाटत मला. पण कुणी रीजनल घेणार असेल तर माझं ऐकून ठेवा, त्या उन्हाळ्यात मोठ्या कॅम्पसला एखाद्या डिपार्टमेंटमध्ये पाय ठेवून या, विषय पुढे बदलला तरी चालेल, माणसं ओळखीची होतात.

तिसऱ्या वर्षात मात्र जे ठरवून गेलो होतो ते घडलं. सर्जरीला ती आणि सर्जन, दोघंच. त्या ईएनटीवाल्यांकडे इलेक्टिव्ह केलं तेव्हा लहान मुलांच्या टॉन्सिलच्या केसेसना रोज टेबलाशी. चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला ती इंडियानापोलिसच्या डिपार्टमेंटला महिनाभर गेली आणि मग बाहेरच्या राज्यात एका ठिकाणी अवे रोटेशनला. तिथे एका रेसिडेंटने तिला विचारलं म्हणे, तू आधी कुठे काम केलंयस का, तुझे हात शांत आहेत. हे तिने वहिनीला सांगितलं, वहिनीने दादाला, दादाने मला सांगितलं आणि मग बहुतेक अख्ख्या कमिन्सला. त्याच अवे रोटेशनला एका गुंतागुंतीच्या कॅन्सरच्या केसवर चर्चा चालू होती, त्यात ती गप्प बसून राहिली, कारण तसली केस तिने कधी बघितलीच नव्हती आणि शेजारच्या मोठ्या कॉलेजच्या मुलाने चार बघितल्या होत्या. हे तिने फक्त मला सांगितलं.

दोन्ही गोष्टी एकाच महिन्यातल्या आहेत, एकाच कॅम्पसमुळे. कुणी मला "मग मेन की रीजनल?" असं एका शब्दात विचारलं तर मी आता पोरगं कसं आहे ते विचारतो, कॉलेजचं नंतर बघू म्हणतो. दादा अजूनही म्हणतो की इंडियानापोलिसला असती तर पेपर दोन जास्त झाले असते. झाले असते. मला तिचे ते शांत हात जास्त मोलाचे वाटतात, पण सिलेक्शन मी करत नाही.

आता इंटरव्ह्यू संपलेत. मॅचचा, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपाचा, निकाल मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी, आणि त्याआधी परत तेच, प्रोग्रॅमांची पसंती क्रमाने भरायची. परवा रात्री फोन आला.

"काका, ते एक्सेल आहे का हो अजून?"

म्हटलं आहे, पण भाडी २०२२ ची आहेत.